मुलांच्या डोळ्यांनी पाहणारा कवी : यांग वान-ली

चिनी कविता म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांना ली पो आणि तू फू ही दोनच नावे आठवतात, तीही कुठेतरी ओझरती वाचलेली. मला मात्र त्यांच्यानंतर सुमारे चार शतकांनी झालेल्या एका कवीची ओळख करून द्यावीशी वाटते. त्याचे नाव यांग वान-ली. चीनमधील प्राथमिक शाळेतली मुले त्याच्या छोट्या निसर्गकविता आजही पाठ करतात. त्यात नवल नाही, कारण त्या कवितांतून ती स्वतःच खेळत असतात.

त्याचा जन्म ११२७ चा, च्यांगशी प्रांतातील चीश्वेइ येथला. हे वर्ष चीनच्या इतिहासात फार दुःखाचे मानले जाते. उत्तरेकडून आलेल्या जुर्चेनांनी राजधानी काइफेंगची लूट केली, सम्राटाला आणि त्याच्या पित्याला कैद करून नेले. सुंग दरबार दक्षिणेत गेला आणि निम्मा देश परक्यांच्या हाती राहिला. वान-ली आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडील गरीब होते, पण उपाशी राहून, थंडी सोसून त्यांनी ग्रंथ विकत घेतले. असे काही हजार खंड त्यांनी घरात जमवले. ज्या घरात पंचांग आणि शाळेची पुस्तके यांखेरीज छापील काही नव्हते, त्या घरातून मी कॉलेजात आलो. त्यामुळे वाचता वाचता या बापापाशी मी बराच वेळ थांबलो.

११५४ साली वान-ली राजपरीक्षेची सर्वोच्च पायरी उत्तीर्ण झाला आणि सरकारी नोकरीत शिरला. लिंगलिंग येथे असताना चांग च्युन हा जुना सेनापती तिथे दरबाराच्या गैरमर्जीमुळे हद्दपारीत राहत होता व कोणालाही भेटत नव्हता. वान-ली तीनदा गेला आणि तीनदा परत आला. शेवटी पत्र लिहून त्याने भेट मिळवली. मन सरळ ठेव आणि भाव खरा ठेव, एवढाच उपदेश त्याला मिळाला. त्याने आपल्या अभ्यासिकेला खरेपणाचेच नाव दिले. पुढे लोक त्यालाही त्याच नावाने ओळखू लागले.

आता कवितेकडे वळू. त्या काळी च्यांगशी संप्रदायाचा मोठा दबदबा होता. जुन्या कवींचे शब्द, संदर्भ, कल्पना घेऊन त्यांची नवी घडण करायची, ही त्यांची रीत. अशा कविता लिहिण्यास व्यासंग लागतो, आणि तो वान-लीपाशी भरपूर होता. तरीही ११६२ साली, वयाच्या पस्तिशीत, त्याने या धाटणीच्या आपल्या हजाराहून अधिक कविता जाळून टाकल्या. एका रचनेसाठी रात्र जागवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडाच धडकी भरवतो!

पण जाळल्याने लगेच मोकळे होता येते असे नाही. त्यानंतरही तो थांग काळातील कवींना गुरू मानून लिहीत राहिला. ११७८ च्या नववर्षदिनी चांगचौ येथे कचेरीला सुट्टी होती. तो कविता करायला बसला आणि त्याला एकदम उमगले की आता कोणाच्याच मागे जायचे नाही. मुलाच्या हाती कुंचला देऊन तो सांगत गेला आणि एकामागून एक कविता विनासायास होत गेल्या. त्या दिवसापासून कारकून घरी गेले की तो हाती पंखा घेऊन मागच्या बागेत फिरे, जुन्या तटावर चढे. पूर्वी कवितेच्या शोधात तो असे, आता वस्तूच त्याच्यापुढे येऊन उभ्या राहत.

आणि या वस्तूंमध्ये मुले फार आहेत. वडील गेल्यावर तो गावी होता, त्या काळातील ११६६ ची एक कविता आहे. दुपारच्या झोपेतून उठून, मन कशातच नसताना, तो हवेत तरंगणारा विलोचा कापूस पकडणारी पोरे पाहत बसतो. दुसऱ्या एका कवितेत फुलपाखरामागे धावणारे मूल आहे. ते पिवळे फुलपाखरू मोहरीसारख्या पिवळ्या फुलांच्या शेतात शिरते आणि सापडेनासे होते. बस्स, कविता संपली! आणखी एकीत पाऊस नसताना नावेत छत्री उघडून बसलेली दोन पोरे दिसतात. का, तर वाऱ्याने नाव पुढे जावी म्हणून. हिवाळ्यात तबकातला बर्फ काढून, दोऱ्यात ओवून त्याची झांज वाजवणारे पोरही आहे.

या मुलांना तो काही शिकवत नाही आणि त्यांच्यावरून आपल्यालाही काही शिकवत नाही. त्याने बोलीतले शब्द बेधडक वापरले. घरची बोली कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवूनच आत यायचे असते, असे आमच्यातल्या अनेकांना वाटते. हजारो ग्रंथ पचवलेला हा माणूस मात्र नेमका उलट्या दिशेने चालला होता. त्याची निरागसता अज्ञानातून आलेली नव्हती, ती त्याने पन्नाशीच्या उंबरठ्यावर कमावली होती.

हेच सरळपण त्याच्या नोकरीतही दिसते. ११७० च्या सुमारास फेंगशिनचा अधिकारी असताना त्याने वसुलीच्या शिपायांना खेड्यांत जाण्यास मनाई केली. थकबाकीदारांची नावे तेवढी बाजारात लावली. लोक आपण होऊन कर भरू लागले. ११९२ साली लोखंडी नाणी चालवण्याचा हुकूम आला. त्याने लोकांचे नुकसान होईल म्हणून तो मानला नाही आणि नोकरी सोडून घर गाठले. सत्ताधारी हान थुओ-चौ याने आपल्या बागेवर लेख मागितला व मोठ्या पदाचे आमिष दाखवले. वान-लीने पद नको म्हटले, पण लेख दिला नाही. तो लेख पुढे लू यू या थोर कवीने लिहिला, आणि त्याबद्दल त्याला बराच बोल लागला.

चार हजारांहून अधिक कविता मागे ठेवून वान-ली १२०६ साली वारला. त्याच्या अंताची हकिकत सुंग राजवंशाच्या इतिहासात दिली आहे. देशाच्या काळजीने तो झुरतो म्हणून घरचे लोक दरबारच्या बातम्या त्याच्यापासून लपवत. भावकीतला एकजण बाहेरून आला आणि हानने उत्तरेवर युद्ध पुकारल्याचे बोलून गेला. म्हातारा ओक्साबोक्शी रडला. त्याने कागद मागवला, हानचे अपराध लिहिले, मग चौदा अक्षरांत बायकामुलांचा निरोप घेतला आणि कुंचला हातातून गळून पडला.