सुरुंग, बुरूज आणि चिमाजी आप्पा

स्मरणिकेसाठी वसईशी नातं असलेलं काहीतरी लिही, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला आणि मला सातवीतली किल्ल्याची सहल आठवली. डबे खाऊन झाल्यावर सरांनी चिमाजी आप्पांची गोष्ट सांगितली होती. किल्ला हाती येत नाही म्हणून आप्पांनी स्वतःला तोफेच्या तोंडी द्यायला सांगितलं, निदान मस्तक तरी आत पडेल म्हणून! आपण टाळ्या वाजवल्या. परत येताना पाचूबंदरहून येणाऱ्या आपल्या एका मित्राने विचारलं, मग आतल्या चर्चमधल्या माणसांचं काय झालं? उत्तर कुणालाच देता आलं नाही. ते उत्तर आज देतो, जरा उशिराच.

आप्पा हे बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे धाकटे चिरंजीव, थोरल्या बाजीरावांचे भाऊ. बाजीराव उत्तरेत घोडदौड करत, तेव्हा घर, पैसा आणि कोकण आप्पांनी सांभाळलं. प्रकृती लहानपणापासून तोळामासा. १७३० साली मुलगा सदाशिव झाला आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई गेल्या. असा हा माणूस पोर्तुगिजांच्या सर्वांत भक्कम ठाण्यासमोर उभा राहिला.

वसई १५३४ पासून पोर्तुगिजांकडे होती. धर्माच्या जाचाला कंटाळलेल्या इथल्या लोकांची गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत पोचली होती. अंजूरचे गंगाजी नाईक त्यात पुढे होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, अर्नाळाही घेतला, पण वसई मिळाली नाही. मग आप्पांनी चाल बदलली. वसईला एकदम धडका देण्याऐवजी तिच्या आजूबाजूची ठाणी एकेक करून घ्यायची, म्हणजे तिला मदत येणार नाही. जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर घेतलं. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर हा जिवलग सरदार गोळी लागून पडला. पुढे वेसावे आणि धारावी हाती आली. समुद्रावर मानाजी आंग्रे होते, जमिनीवर मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले. किल्ल्यातल्यांनी खर्चासाठी चर्चची चांदी मुंबईच्या इंग्रजांकडे गहाण ठेवली, यावरून कोंडी किती घट्ट होती ते कळतं.

वेळ मात्र थोडा होता. मार्चमध्ये नादिरशाह दिल्लीत शिरला होता. बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी होती आणि ती वसईला अडकून पडली होती. शिवाय पावसाळा तोंडावर.

आता माझ्या विषयावर येतो. तुम्हाला ठाऊक आहे, मी बोगद्यांच्या कामावर बत्तीस वर्षं काढली. वसई तोफेने पडली असं मला लहानपणी वाटायचं. प्रत्यक्षात ती पडली सुरुंगाने. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल. जमिनीची वाट फक्त उत्तरेला, तिथेच रेमेदियुस आणि सेंट सेबॅस्टियन हे बुरूज. मोर्चे पुढे सरकवत तटापर्यंत जायचं, पायाखाली भुयार खणायचं, टोकाला दारू भरायची, तोंड बुजवायचं आणि बत्ती द्यायची. आपल्याकडे विहीर खणली की किती लवकर पाणी लागतं, ते वसईकराला सांगायला नको. अशा जमिनीत, वरून गोळे पडत असताना माणसांनी हे भुयार खणलं. त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत.

मे महिन्यात सुरुंग उडवले. काही उडालेच नाहीत. एकाने बुरुजाला खिंडार पाडलं आणि मराठे त्यात घुसले. तेवढ्यात मागे राहिलेला दुसरा सुरुंग त्यांच्याच पायाखाली उडाला आणि शेकडो माणसं गेली. न वाजलेल्या सुरुंगाजवळ ठरलेला वेळ गेल्याशिवाय फिरकायचं नाही, हा आमच्या कामावरचा पहिला नियम होता. तो शिकवताना मला दरवेळी हा बुरूज आठवायचा. तरीही लोक पुन्हा खिंडारात चढले आणि दोन दिवस लढले. मराठ्यांनी स्वतःच मान्य केलेला मेलेल्या आणि जखमी झालेल्यांचा आकडा पाच हजारांवर आहे. पोर्तुगिजांचे सुमारे आठशे.

१६ मे १७३९ रोजी गडाचा अधिकारी कायतान द सौझा याने शरणागतीचा तह केला. एवढी माणसं गमावल्यावर सूड घेणं सोपं होतं. आप्पांनी शिबंदीला शस्त्रांसह, निशाणं घेऊन, वाजतगाजत बाहेर पडू दिलं. बायकामुलं आणि सामान नेण्यासाठी आठवडाभराची मुदत दिली. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल, हेही कलमांत होतं. २३ मे रोजी गड रिकामा झाला.

मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या आजही दिसतात. पण राहणारे राहिले, आणि म्हणून सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळानंतर तू आणि मी एका बाकावर बसलो.

आप्पांना हे यश फार काळ पाहता आलं नाही. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला गेले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला आप्पाही गेले, वय जेमतेम तेहतीस. मागे राहिलेला दहा वर्षांचा सदाशिव म्हणजे पुढे पानिपतावर पडलेले भाऊ. वसईदेखील १७८० मध्ये काही वर्षांसाठी इंग्रजांकडे गेली.

तोफेची गोष्ट खरी की दंतकथा, यावर मी वाद घालणार नाही. सरांनी ती सांगितली नसती तर मी पुढचं वाचलंही नसतं. मेळाव्याच्या दिवशी सकाळी लवकर या. स्मारकाला नमस्कार करून आपण उत्तरेच्या तटापर्यंत चालत जाऊ. सर येणार असतील तर त्यांना हात धरून नेऊ, आणि या वेळी गोष्ट सांगायची पाळी आपली.