ताजुद्दीन बाबा : १६ वर्षं वेड्यांच्या इस्पितळात राहिलेले नागपूरचे सूफी संत

घाटकोपर मेट्रोच्या गर्दीत अचानक छाती धडधडते, रात्र रात्र झोप लागत नाही. घरी सांगितलं तर अनेकदा सल्ला मिळतो, नमाज पढ, दर्ग्यावर जाऊन ये. डॉक्टरांचं नाव काढलं की मात्र सगळे गप्प. लोक वेडा म्हणतील ना!

हाच शिक्का बसलेल्या एका माणसापुढे आज लाखो लोक डोकं टेकवतात. ते म्हणजे नागपूरचे ताजुद्दीन बाबा.

त्यांचा जन्म १८६१ साली कामठीचा. आईवडील लहानपणीच गेले, आजी आणि मामांनी वाढवलं. तरुणपणी ते फौजेत भरती झाले. सागरला असताना ते रात्री एका सूफी संताच्या मजारीवर जाऊन बसायचे. पुढे नोकरी सोडली आणि कामठीच्या रस्त्यांवर भटकू लागले. पोरं दगड मारायची.

१८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आलं. भक्त सांगतात की, लोक आपली दुःखं घेऊन तिथेही त्यांच्याकडे यायचे. अखेर १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी जामीन भरून त्यांना बाहेर काढलं आणि शक्करदऱ्याच्या वाड्यात नेलं. एका मुस्लीम फकिराची जबाबदारी हिंदू राजाने घेतली होती. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचं निधन झालं. ताजबागचा त्यांचा दर्गा आज सगळ्या धर्मांच्या लोकांनी गजबजलेला असतो.

बाबांना नेमकं काय झालं होतं, याचं निदान आज कुणी करू नये. भक्तांसाठी ती ईश्वरभक्तीतली मग्नता होती. पण मन अस्वस्थ असणं म्हणजे ईमान कमजोर असणं, असं इस्लाम मानत नाही. मुलाच्या विरहात रडून रडून पैगंबर याकूब यांची दृष्टी गेली, असं कुरआन सांगतं. पत्नी खदीजा आणि काका अबू तालिब गेले ते वर्ष पैगंबर मोहम्मदांच्या आयुष्यात दुःखाचं वर्ष म्हणून ओळखलं जातं. आजारावर औषध घ्या, अशीही त्यांची शिकवण आहे. आधी उंट बांधायचा, मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा.

म्हणजे दुआ आणि दवा एकमेकांच्या आड येत नाहीत. नमाज, जिक्र यांनी मनाला आधार मिळतो. तरीही घबराट आठवडेच्या आठवडे राहिली, झोप आणि कामावर परिणाम होऊ लागला, तर डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली मानस हेल्पलाईनवर, १४४१६ या नंबरवर, मोफत बोलता येतं.