वस्तऱ्याकडून लेखणीकडे : भिखारी ठाकुर

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपला समाज पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी करतो. बाबासाहेबांच्या ग्रंथांशेजारी तिथे पातळ कागदावर छापलेल्या गाण्यांच्या पुस्तिका मांडलेल्या असतात. ज्या बाईला मोठा ग्रंथ परवडत नाही, ती त्यातली एक पुस्तिका घेते आणि घरी गेल्यावर शाळेत जाणाऱ्या नातीकडून ती वाचून घेते. शाहिरांचे जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी घराघरात पोचली, त्यात या स्वस्त छपाईचाही वाटा आहे. प्रस्थापितांच्या वाङ्मयेतिहासात या पुस्तिकांना जागा नाही. ज्यांच्या हातात इतिहासाची लेखणी, त्यांना चोपडी म्हणजे रद्दीच वाटते.

अशाच चोपड्या गेल्या शतकात बिहारच्या जत्रांत, आठवडी बाजारांत आणि रेल्वे स्थानकांबाहेर विकल्या जात होत्या. त्यांत घर सोडून गेलेल्या माणसाची आणि मागे राहिलेल्या बाईची कहाणी असे. त्या लिहिणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव एका न्हाव्याचे आहे. भिखारी ठाकुर हे ते नाव. उत्तरेत ते घराघरात माहीत आहे. महाराष्ट्रातील बहुजनांना मात्र त्यांची ओळख नाही, म्हणून हा प्रपंच.

भिखारी ठाकुर यांचा जन्म १८ डिसेंबर १८८७ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील कुतुबपूर या गावी झाला. गाव नदीकाठच्या दियाऱ्यातले, म्हणजे पुराने आज इथली तर उद्या तिथली जमीन खाणाऱ्या भागातले. वडील दलसिंगार ठाकुर, आई शिवकली देवी. आडनाव ठाकुर असले तरी राजपुतांची ठकुराई त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. जात नाई, म्हणजे आपल्याकडचा न्हावी. गावगाड्यात न्हाव्याने दाढी-डोई करायची, लग्नाची आणि मर्तिकाची निमंत्रणे घरोघर पोचवायची आणि सुगीला मिळेल तेवढ्या धान्यावर वर्ष काढायचे. बलुतेदारी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगायला नको.

लहानपणी त्यांना शाळेत घातले, पण वर्षभरात अक्षर ओळख झाली नाही. मग गुरे राखणे नशिबी आले. पुढे वाण्याच्या एका पोराने त्यांना अक्षरे शिकविली. ते कैथी लिपीत लिहीत. ही कारकुनांची आणि सामान्यांच्या व्यवहाराची लिपी होती, पंडितांची नव्हे. पोटासाठी त्यांनी गाव सोडले आणि बंगालमधील खरगपूरला जाऊन वस्तरा चालविला. मेदिनीपूरला रामलीला पाहिली, जगन्नाथपुरी पाहिली. परतल्यावर गावात रामलीलेची मंडळी जमविली. आईवडिलांना पोराचे हे नाद पसंत नव्हते, तरी तो रात्री चोरून जायचा. १९१७ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्यांनी स्वतःची नाच मंडळी उभी केली.

हे १९१७ साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात ब्रिटिश सरकारने वसाहतींसाठीची गिरमिट मजुरांची भरती थांबविली. आणि त्याच वर्षी बाबासाहेब सातासमुद्रापलीकडची विद्या घेऊन मायदेशी परतले, बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला खोली मिळाली नाही. समुद्र ओलांडून परतलेला माणूस किती का शिकलेला असेना, बंदरावर उतरताच त्याची जात त्याची वाट पाहत उभी असते.

गिरमिट हा शब्द अ‍ॅग्रिमेंटचा अपभ्रंश आहे. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, पण मळेवाल्यांना ऊसतोडीला माणसे हवीच होती. म्हणून १८३४ पासून मॉरिशसला, मग ब्रिटिश गयाना, त्रिनिदाद, सुरिनाम, नाताळ, फिजी इथे करारावर मजूर नेण्यात आले. साखरेच्या या वसाहतींत अंदाजे बारा लाख माणसे गेली. त्यांतील फार मोठा भाग भोजपुरी मुलखातला होता आणि कलकत्त्याच्या बंदरातून जहाजावर चढलेला होता. भरती करणाऱ्या दलालाला तिकडे अरकाटी म्हणत. तो काय सांगून माणूस न्यायचा, हे त्या काळच्या गाण्यांत नोंदले गेले आहे. डेमेराराला लोक डमरा म्हणत आणि सुरिनामला श्रीराम टापू. देवाचे नाव ऐकून आपण तीर्थाला चाललो, असे वाटून माणसे जहाजात चढली आणि ऊसमळ्यात उतरली!

वकील म्हणून हा करार पाहिला की संताप येतो. मुदत पाच वर्षांची. परवान्याशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकले किंवा कामावर गेला नाही, तर दिवाणी दावा नव्हे, थेट फौजदारी शिक्षा आणि तुरुंग. अंगठा उठविणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. अशा संमतीला संमती म्हणणे हा कायद्याचाच अपमान आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांना मनाई केली, त्यामागे या देशाचा हा सारा अनुभव उभा आहे.

महाराष्ट्राचाही या कहाणीशी संबंध आहे. मुंबई बंदरातून कोकणातले मजूर मॉरिशसला गेले. तिथे आजही स्वतःला मराठी म्हणविणारा समाज नांदतो आहे. समुद्र ओलांडल्याने जात बाटते, असे धर्मशास्त्र सांगत होते. पण ज्याला गावात पाणीही मिळत नव्हते, त्याच्याजवळ बाटण्यासारखे होते तरी काय? जहाजावर सारे एका पंगतीला जेवले आणि एकमेकांना जहाजी भाई म्हणू लागले. मनूची व्यवस्था जहाजाच्या तळघरात थोडीफार सैल झाली, तीही माणसे गुरांसारखी कोंबली म्हणून.

या माणसांनीही गाणी रचली. सारण जिल्ह्याचे ठाणे असलेल्या छपऱ्याचे लालबिहारी शर्मा हे गिरमिट मजूर म्हणून ब्रिटिश गयानात गेले. त्यांच्या फागगीतांची पुस्तिका, डमरा फाग बहार, १९१६ साली छापली गेली. गेलेल्यांची बाजू अशी थोडीफार कागदावर आली. पण मागे राहिलेल्यांचे काय?

ते काम भिखारी ठाकुरांनी केले. त्यांच्या काळापर्यंत टापूंकडे जाणारी वाट बंद झाली होती, पण कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्या, आसामचे चहामळे आणि कोळशाच्या खाणी माणसे खेचतच होत्या. गावात पाहावे तर बायका, म्हातारे आणि पोरे. त्यांच्या बिदेसिया या नाटकात तरणाताठा नवरा लग्नानंतर लगेच कलकत्त्याला जातो आणि तिथे दुसऱ्या बाईशी संसार थाटतो. गावी त्याची बायको वाट पाहत राहते. अखेर ती एका वाटसरूकडे निरोप देते आणि तो बटोही शहरात जाऊन नवऱ्याला परत आणतो. निरोप्याच्या या भूमिकेत मला गावचा न्हावी दिसतो. दुसऱ्यांची सुखदुःखे दारोदार पोचविणे हेच तर त्याचे जातीने लादलेले काम होते. भिखारींनी त्या लादलेल्या कामाची कला केली आणि तिच्यातून समाजाला त्याचाच निरोप पोचविला.

बेटी बेचवा, विधवा विलाप, भाई विरोध, गबरघिचोर, ननद-भौजाई, नाई बहार ही त्यांची आणखी काही नाटके आणि रचना. बेटी बेचवामध्ये बाप पैसे मोजून घेऊन कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधतो. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ साली झाला, पण तो इंग्रजीत होता आणि कचेरीत राहिला. खेड्यातल्या बापाला लाज वाटली ती मशालीच्या उजेडात रात्रभर हे नाटक पाहून. विधवेचे दुःखही या न्हाव्याने मांडले. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता, याची इथे आठवण होते. ज्यांच्या हातात वस्तरा दिला, त्यांनीच विधवेची बाजू घेतली, तीही दोन वेगळ्या मुलखांत. धर्माचे ठेकेदार मात्र पोथ्या चाळत बसले होते.

पण कोर्टात वावरणाऱ्या माणसाला सर्वांत हलवते ते गबरघिचोर. गलीज नावाचा नवरा शहरात निघून जातो आणि पंधरा वर्षे बायकोची विचारपूस करीत नाही. तिला गावातल्या गडबडीपासून मुलगा होतो. मुलगा कमावता होण्याच्या वयाला येतो तेव्हा नवरा परततो आणि मुलावर हक्क सांगतो. गडबडीही हक्क सांगतो. पंच बसतात. नवरा म्हणतो, वेल माझा, शेजाऱ्याच्या छपरावर गेला म्हणून भोपळा शेजाऱ्याचा होत नाही. आई म्हणते, दूध माझे होते, कुणी विरजणाचा थेंब टाकला म्हणून लोणी त्याचे कसे होईल? पंच मुलाचे तीन तुकडे करून वाटून देण्याचा निवाडा करतात. तेव्हा आई आपला वाटा सोडते, पण मुलगा जिवंत राहू द्या म्हणते. मग मुलगा आईला मिळतो.

आता कायद्याकडे पाहा. स्त्रियांना हक्क देणारे हिंदू कोड बिल अडविले गेले आणि बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे तुकड्यातुकड्यांनी कायदे झाले. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई, असेच लिहिले गेले. बाप हयात असतानाही, तो लक्ष घालत नसेल तर आई पालक ठरू शकते, हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात लावला तो १९९९ साली. जे सांगायला न्यायव्यवस्थेला इतकी वर्षे लागली, ते जेमतेम अक्षरओळख असलेल्या न्हाव्याने गावच्या मांडवात कधीच सांगून टाकले होते. त्याने व्यभिचारिणी म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईच्या बाजूने निकाल दिला. हे धाडस त्या काळच्या किती पंडितांनी दाखविले?

या माणसाला जिवंतपणी काय मिळाले? लोकांचे अफाट प्रेम मिळाले. पण गावचे मालक त्यांना अरेतुरेच करीत. स्त्रीवेशातल्या पुरुषांचा नाच म्हणून शिष्टांनी नाक मुरडले. राहुल सांकृत्यायन यांनी मात्र त्यांना भोजपुरीचा शेक्सपिअर म्हटले. हेच राहुलजी सारण जिल्ह्यातील परसा मठात महंत होण्यासाठी आले होते. तो मठ सोडून ते बुद्धाकडे गेले आणि १९३० साली श्रीलंकेत भिक्खू झाले. मठाची गादी नाकारणाऱ्यालाच न्हाव्याची थोरवी कळली, यात नवल नाही. १९६३ साली बिदेसिया नावाचा चित्रपट आला, त्यात भिखारी ठाकुर स्वतः पडद्यावर दिसले. १० जुलै १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रचनांची एकत्रित रचनावली बिहार राष्ट्रभाषा परिषदेने काढली ती २००५ साली. त्यांच्या मंडळीतले कलावंत रामचंद्र माझी यांना पद्मश्री मिळाली ती २०२१ साली, आयुष्याच्या अगदी अखेरीस. पुढच्याच वर्षी ते गेले.

सत्य लपविण्याचे कारण नाही. भिखारी ठाकुर आंबेडकरवादी नव्हते. ते रामभक्त होते, त्यांनी भजने रचली, नाटकाची सुरुवात देवाच्या वंदनेने केली. व्यवस्थेची चीड त्यांना होती, पण तिच्या मुळाशी असलेल्या धर्मावर त्यांनी घाव घातला नाही. बिदेसियाच्या शेवटी दोन्ही बायका एकाच घरात नांदतात. हा शेवट आज आपल्याला पटणार नाही, पटूही नये. आपल्या जलशांनी रोगाचे नाव घेतले आणि औषधही सांगितले. भिखारींनी रुग्णाचे कण्हणे ऐकविले. पण ज्या काळात ते ऐकायलाही कोणी तयार नव्हते, त्या काळात त्यांनी ते ऐकविले, हे विसरून चालणार नाही.

हे सारे आज कशासाठी सांगायचे? २००८ साली रेल्वे भरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय तरुणांना मारहाण झाली, तेव्हा आपल्यातलीही काही पोरे टाळ्या पिटत होती. ८ मे २०२० रोजी टाळेबंदीत जालन्याहून आपल्या गावाकडे पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला होता. २०२० च्या संहितेत तो सामावला गेला. पण त्या १६ जणांपर्यंत यातले काहीच पोचले नाही. भारतात कुठेही जाण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क अनुच्छेद १९ ने दिला आहे. तो देणाऱ्या संविधानाचे शिल्पकार आपले बाप आहेत, हे आपण छाती फुगवून सांगतो. मग नाक्यावर उभ्या असलेल्या बिहारी मजुराला हिणविताना आपली जीभ का अडखळत नाही? आपले आजोबाही दुष्काळात गाव सोडून मुंबईच्या गोदीत आणि गिरणीत आलेच होते.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या तरुण कलापथकांनी गबरघिचोर मराठीत आणावे आणि सावित्रीमाईंच्या जयंतीला ३ जानेवारीला वस्तीवस्तीत सादर करावे. आणि वकिली करणाऱ्या बांधवांनी महिन्यातून एक दिवस मजूर नाक्यावर बसून बुडालेल्या मजुरीचे अर्ज लिहून द्यावेत, अर्जदार कुठल्या मुलखाचा आहे हे न विचारता. न्हाव्याच्या पोराने निरोप पोचविला. तो ऐकायचा की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

जय भीम!