नाडी वाचणारा बर्न्लीचा डॉक्टर

मनगटावर तीन बोटे टेकवून माणसाच्या आतले जाणून घेण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. वैद्य नाडी धरून बसला की सारे घर श्वास रोखून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असे. नाडी नियमित चालली असेल तर प्रश्नच नाही. पण ती मध्येच अडखळली, एखादा ठोका गाळून पुढे गेली, किंवा तिला ताल म्हणून उरलाच नाही, तर काय समजायचे? सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाचे नीट उत्तर पूर्वेकडे नव्हते आणि पश्चिमेकडेही नव्हते. अडखळणारी नाडी म्हणजे बिघडलेले हृदय, एवढेच ठाऊक होते. त्यापायी कित्येक धडधाकट मुलांचे खेळणे-पळणे बंद झाले आणि कित्येक खरे आजारी लोक भलत्याच औषधांवर राहिले.

हा गुंता ज्याने सोडवायला घेतला तो कुठल्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. जेम्स मॅकेंझी हा लँकेशायरमधल्या बर्न्ली या गिरणगावातला घरोघर फिरणारा साधा फॅमिली डॉक्टर होता.

त्याचा जन्म 12 एप्रिल 1853 चा, स्कॉटलंडमधल्या पर्थजवळच्या स्कोन गावी, एका शेतकऱ्याच्या घरात. शाळेत त्याचे फारसे जमले नाही. पाठांतराची त्याला चीड होती, आणि त्या काळची शाळा म्हणजे मुख्यतः पाठांतर. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो पर्थमधल्या एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला राहिला. पुड्या बांधता बांधता आणि काढे गाळता गाळता त्याच्या मनात आले की औषध देणाऱ्यापेक्षा औषध लिहून देणारा व्हावे. वयाच्या एकविसाव्या वर्षी, 1874 मध्ये, तो एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला गेला आणि 1878 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. वर्षभराने तो बर्न्लीला आला आणि तिथे दोन जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भागीदार झाला.

बर्न्ली म्हणजे सुती कापड विणणाऱ्या गिरण्यांचे आणि कोळशाच्या खाणींचे गाव. ज्यांनी मुंबईचे गिरणगाव भोंग्यावर उठताना आणि भोंग्यावर निजताना पाहिले आहे, त्यांना हे गाव वेगळे समजावून सांगायला नको. रोगी गरीब, घरे दाटीची, दिवसरात्र बोलावणी. अशा गावात संशोधन कसले व्हायचे? पण मॅकेंझीला एका मृत्यूने स्वस्थ बसू दिले नाही. एक तरुण स्त्री बाळंतपणात, त्याच्या डोळ्यांदेखत, हृदय थकून गेली. तिचे हृदय दगा देईल हे आपल्याला आधी ओळखता आले असते का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. उत्तरासाठी पुस्तके धुंडाळली तर त्यांत नावे होती, वर्णने होती, पण हा रोगी पुढे जगेल की जाईल हे कोणी सांगत नव्हते. मग ते आपणच शोधायचे त्याने ठरवले.

त्याची पद्धत मला, बँकेत उमर घालवलेल्या माणसाला, फार ओळखीची वाटते. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत जाडजूड लेजर असत. एखाद्या खातेदाराची पत आजच्या शिलकेवरून कळत नाही. दहा वर्षांची पाने मागे उलटली की कळते, असे आमचे जुने हेडक्लार्क शिकवत. मॅकेंझीने हेच केले. ज्याच्या नाडीत काही वावगे दिसे त्याची तो नोंद ठेवी आणि पुढे पाच, दहा, वीस वर्षे त्या माणसाकडे लक्ष ठेवी. मोठ्या इस्पितळातल्या प्राध्यापकाला हे शक्य नव्हते. त्याच्याकडे रोगी यायचा, महिनाभर खाटेवर पडायचा आणि निघून जायचा. बर्न्लीच्या डॉक्टरला मात्र तोच माणूस मुलगा म्हणून, कामगार म्हणून आणि म्हातारा म्हणून भेटत राही.

नुसत्या बोटांवर त्याने भिस्त ठेवली नाही. मनगटाची नाडी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे, म्हणजे निलयांचे काम. वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, काय करीत आहेत हे मनगटावर कळत नाही. पण ते मानेतल्या शिरेत कळते, कारण अलिंद आकुंचन पावले की त्या शिरेत एक बारीक लाट उठते. मॅकेंझीने मनगट आणि मान या दोन्हींची हालचाल एकाच वेळी कागदावर उमटवणारे यंत्र तयार केले. त्याला पॉलिग्राफ म्हणत. आधी काजळी धरलेल्या कागदावर रेघा उठत. पुढे बर्न्लीजवळच्याच पॅडिहॅम गावचा शॉ नावाचा एक घड्याळजी मदतीला आला आणि शाईने लांबलचक पट्टीवर लिहिणारे, चावीवर चालणारे यंत्र त्याने घडवले. ते पिशवीत घालून डॉक्टर रोग्याच्या खाटेपाशी जाऊ शके.

या पट्ट्या साठत गेल्या आणि त्यांतून अडखळणाऱ्या नाडीचे तीन प्रकार वेगळे झाले. पहिला तरुणांचा: श्वास आत घेताना नाडी जलद, सोडताना मंद. हा दोष नव्हेच, ते धडधाकटपणाचेच लक्षण. दुसरा मोठ्या माणसांचा: वेळेआधीच एक जादा ठोका पडतो आणि मग क्षणभर थांबल्यासारखे होते. छातीत धस्स होते, माणूस घाबरतो. पण मॅकेंझीच्या नोंदींतली अशी माणसे वर्षानुवर्षे कामावर जात राहिली होती. एरवी हृदय चांगले असेल तर यातही भिण्याजोगे फारसे नाही, असे त्याने सांगितले. उरला तिसरा प्रकार. त्यात नाडीला कसलाच ताल नसतो. दोन ठोक्यांमधले अंतर प्रत्येक वेळी वेगळे. हा मात्र धोक्याचा.

या तिसऱ्याचा माग त्याला एका स्त्रीमुळे लागला. सांधेतापाने तिच्या हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह अरुंद झाला होता आणि मॅकेंझी तिला 1880 पासून पाहत होता. दीडएक तप गेल्यावर एके दिवशी तिची नाडी एकाएकी बेताल झाली. त्याने पॉलिग्राफ लावला, आणि मानेतली अलिंदाची लाट नाहीशी झालेली दिसली. छातीतला, अलिंदाच्या आकुंचनाने होणारा ध्वनीही गेला होता. आधीच्या पट्ट्या हाताशी असल्यामुळेच काय हरवले ते कळले. अलिंद लुळा पडला, असा त्याने तर्क केला.

पुढे अशा रोग्यांची शवविच्छेदने त्याने पाहिली, तेव्हा काहींच्या अलिंदांच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या. लुळा पडलेला स्नायू जाड कसा होईल? मग त्याने तर्क बदलला: अलिंद आणि निलय एकाच वेळी आकुंचन पावत असावेत. हाही तर्क चुकीचा ठरायचा होता. आपली कल्पना पुराव्याशी जुळत नाही असे दिसताच ती खाली ठेवणारी माणसे कोणत्याही धंद्यात थोडी असतात.

खरे उत्तर तीन-चार ठिकाणांहून मिळून आले. आर्थर कुश्नी या औषधशास्त्रज्ञाने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत अलिंद थरथरताना पाहिले होते. त्या वेळी उमटणारी बेताल नाडी माणसांतल्या या नाडीसारखीच आहे, हे त्याच्या ध्यानात आले. हॉलंडमध्ये विलेम आइंटहोवेनने हृदयाची वीज टिपणारे यंत्र बनवले आणि 1906 मध्ये अशा नाडीचा आलेख छापला. आजच्या ईसीजीची ती सुरुवात. पुढे 1909 मध्ये व्हिएन्नात रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनी, आणि लंडनमध्ये थॉमस लुईस या तरुण डॉक्टरने, हा आजार म्हणजे अलिंदांचे फिब्रिलेशन आहे आणि तो विरळा नसून नित्याचा आहे, हे दाखवून दिले. या लुईसला बेताल नाडीच्या वाटेला लावणारा मॅकेंझीच होता. शिष्याने केलेला उलगडा त्याने मान्य केला.

घडते असे: एरवी अलिंद मिनिटाला साठ-सत्तर वेळा, एकदिलाने आकुंचन पावतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तिथे विजेच्या लहरी मिनिटाला 350 ते 600 वेळा, वाटेल तशा धावतात. अलिंद आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. अलिंद-निलयांमधली नाक्यावरची गाठ त्यांतल्या काही लहरी खाली सोडते, पण ज्या सोडते त्यांना काही क्रम नसतो. म्हणून निलय बेताल आणि बहुधा फार वेगाने धावतात, आणि धावून धावून थकतात.

हे कळल्यावर एका जुन्या औषधाचे कोडे सुटले. विल्यम विदरिंगने 1785 मध्ये फॉक्सग्लव्ह या झाडाच्या पानांचा, म्हणजे डिजिटॅलिसचा, अंगावरची सूज उतरवण्यासाठी उपयोग लिहून ठेवला होता. ते कुणाला अमृतासारखे लागू पडे, कुणाला काहीच गुण नसे. मॅकेंझीने दाखवले की त्याची खरी करामत या बेताल नाडीच्या रोग्यांत दिसते: नाक्यावर वाहतूक रोखली जाते आणि निलयांना उसंत मिळते. कोणाला द्यायचे आणि किती द्यायचे, याचा हिशेब त्यामुळे बसला.

1902 मध्ये नाडीवरचे त्याचे पुस्तक निघाले. परदेशांतले डॉक्टर बर्न्लीचा पत्ता शोधत येऊ लागले, पण मायदेशात त्याची दखल उशिरा घेतली गेली. 1907 मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, चालता दवाखाना सोडून तो लंडनला गेला. पुढच्याच वर्षी हृदयरोगांवरचा त्याचा ग्रंथ आला आणि नाव झाले. 1913 मध्ये लंडन हॉस्पिटलच्या हृदयविभागाची सूत्रे हाती आली, 1915 मध्ये सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचे सदस्यत्व. महायुद्धात हृदयरोगी म्हणून परत पाठवलेल्या सैनिकांची रीघ लागली, तेव्हा यांच्यातल्या बहुतेकांच्या हृदयाला इजा झालेलीच नाही, हे ठासून सांगणाऱ्यांत तो पुढे होता. यंत्राने कीर्ती मिळालेला हा माणूस यंत्राच्या आहारी जाणाऱ्या डॉक्टरांवर मात्र नाराज असे.

1918 मध्ये भरात असलेला धंदा सोडून तो स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजला गेला आणि तिथल्या डॉक्टरांना जमवून रोगाची अगदी पहिली, बारीक लक्षणे टिपण्यासाठी त्याने संस्था काढली. तोवर त्याच्या स्वतःच्या छातीत कळा येऊ लागल्या होत्या. अँजायनावरच्या 1923 च्या पुस्तकात त्याने अनेक रोग्यांच्या हकिगती दिल्या. त्यांतली एक, नाव न देता, स्वतःची आहे. 26 जानेवारी 1925 रोजी तो लंडनमध्ये वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे शवविच्छेदन झाले. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या होत्या आणि स्नायूंवर जुन्या जखमांचे वण होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्याने शेवटची नोंद अशी पुरी करून घेतली.

मॅकेंझीकडे मी वळलो तो वाचनाच्या हौसेने नव्हे. तीन वर्षांपूर्वी एका साध्या तपासणीत माझी नाडी बेताल निघाली, ईसीजीने त्यावर शिक्का मारला आणि डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. पहिली वेग आवरण्याची. तिचा हेतू मॅकेंझीने लगेच ओळखला असता. दुसरी रक्ताची गुठळी होऊ न देणारी. ती त्याच्या काळी नव्हतीच. थरथरत्या अलिंदात रक्त साचते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकली की पक्षाघात. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. तो वॉर्फरिनने खूप घटतो, हे 1990 च्या आसपासच्या चाचण्यांनी पक्के केले. 2010 पासून वारंवार रक्ततपासणी न लागणारी नवी औषधे आली. व्हॉल्व्ह अरुंद असलेल्यांसाठी मात्र जुने वॉर्फरिनच सरस, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय रोग्यांचाही समावेश असलेल्या चाचणीत दिसले. सांधेतापाने बिघडलेली हृदये आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, म्हणून हे ध्यानात ठेवायचे. ॲस्पिरिन हे या औषधांच्या जागी चालत नाही. बोर्दोच्या एका फ्रेंच गटाने 1998 मध्ये दाखवले की थरथरीचा उगम बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी असतो. तिथे नळी घालून तेवढा भाग निकामी करण्याचा उपायही आता अनेकांना लागू पडतो.

पण यांतला कोणताही उपाय, आजार आहे हे कळल्यावरचा. कित्येकांना तो जाणवतच नाही; पहिली खूण पक्षाघाताचीच. दम लागणे, थकवा, धडधड यांना आपण वयाच्या नावावर टाकतो. पासष्टीच्या पुढच्या माणसाने दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना मिनिटभर नाडी पाहायला सांगावे. ती बेताल वाटली तर ईसीजी काढून घ्यावा. या दोन्हींना फार पैसे पडत नाहीत.

बर्न्लीच्या त्या स्त्रीला मॅकेंझी वाचवू शकला नाही. तिचा आजार त्याला ओळखू आला तो सतरा-अठरा वर्षे तो तिचा डॉक्टर होता म्हणून. आपल्या गल्लीतला, तीन पिढ्यांना नावाने ओळखणारा डॉक्टर आता दिसेनासा झाला आहे. आपल्या प्रत्येकाकडे रिपोर्टांच्या जाड फायली आहेत, पण मागची पाने उलटून पाहणारे कोणी उरले आहे का, हे ज्याने त्याने आपल्या घरी तपासून पाहावे.