दहा किलोंची गाठ आणि एक निर्णय

सोनोग्राफीच्या अहवालात ओव्हरीत सिस्ट असल्याचं लिहिलेलं दिसलं, की बाईचा चेहरा उतरतो. आता पोट फाडावं लागणार, या धास्तीनेच ती आमच्या ओपीडीत येऊन बसते. हे ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी करून दाखवणाऱ्या डॉक्टरांची गोष्ट अशा वेळी मला आठवते.

एफ्राइम मॅकडॉवेल यांचा जन्म १७७१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात झाला. वैद्यक शिकायला ते स्कॉटलंडमधल्या एडिंबराला गेले. परतल्यावर केंटकीतल्या डॅनव्हिल या लहानशा गावात त्यांनी दवाखाना थाटला.

डिसेंबर १८०९ मध्ये त्यांना दूरच्या एका घरून बोलावणं आलं. जेन टॉड क्रॉफर्ड या पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईंचं पोट इतकं वाढलं होतं, की दिवस भरून गेल्याचा समज झाला होता. मॅकडॉवेल यांनी तपासलं. बाळ नव्हतं, अंडाशयाची प्रचंड गाठ होती. त्या काळी पोट उघडणं म्हणजे मृत्यू, असंच डॉक्टर मानत. मॅकडॉवेल यांनी काहीही लपवलं नाही. हा प्रयोग ठरेल, जीव जाऊ शकतो, हे स्पष्ट सांगितलं आणि तयारी असेल तर डॅनव्हिलला या, म्हणाले. जेनबाई सुमारे शंभर किलोमीटर घोड्यावरून आल्या.

नाताळच्या सुमारास मॅकडॉवेल यांच्या घरीच ऑपरेशन झालं. भूल देण्याचं तंत्र यायला अजून ३७ वर्षं होती. लिस्टर यांचं जंतुनाशक तर त्याहून पुढचं. जेनबाई टेबलावर जाग्या होत्या, भजनं म्हणत होत्या. सुमारे २५ मिनिटांत मॅकडॉवेल यांनी दहा किलोंची गाठ काढली. पाचव्या दिवशी ते पाहायला गेले, तर बाई स्वतःचं अंथरूण आवरत होत्या! त्यानंतर त्या ३२ वर्षं जगल्या.

मॅकडॉवेल यांनी १८१७ मध्ये तीन शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्यातल्या इतर दोन रुग्ण कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. गुलामगिरीच्या त्या काळात जेनबाईंसारखा होकार-नकार त्यांच्या हातात कितपत होता, हा प्रश्न या कीर्तीला कायमचा चिकटलेला आहे. १८३० मध्ये पोटाच्याच दुखण्याने मॅकडॉवेल वारले. ते बहुधा अपेंडिक्सचं होतं.

आज परिस्थिती पार बदलली आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रियांमधल्या बहुतेक साध्या, पाण्याच्या लहान गाठी दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात. तेव्हा पुन्हा सोनोग्राफी करून पाहणं, हाच उपचार. गर्भनिरोधक गोळ्या नव्या गाठी होऊ नयेत म्हणून देतात. झालेली गाठ त्यांनी विरघळत नाही. गाठ मोठी असेल, वाढत असेल, त्रास देत असेल किंवा डर्मॉइड प्रकारची असेल, तर अनेकदा दुर्बिणीतून फक्त गाठ काढून अंडाशय वाचवता येतं. पाळी गेल्यानंतर दिसलेली गाठ मात्र अधिक बारकाईने तपासावी लागते. रक्ताची सीए-१२५ चाचणीही करतात. ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये, तडक रुग्णालय गाठावं.

मॅकडॉवेल यांनी सुरी उचलली, कारण दुसरा मार्ग नव्हता. आज मार्ग अनेक आहेत. म्हणून आपली गाठ कोणत्या प्रकारची, किती मोठी, थांबलं तर काय होईल, हे डॉक्टरांना न संकोचता विचारा. आणि जेनबाईंसारखा निर्णय समजून-उमजून घ्या.