मरणाचा हिशेब मांडणारे डॉक्टर : लुई-रने व्हिलेर्मे

नेपोलियन, व्हिक्तॉर ह्यूगो, पाश्चर ही फ्रान्समधील थोरांची नावे आपल्या मुलांना शाळेत शिकवली जातात. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांच्याइतकेच परिचयाचे असलेले एक नाव म्हणजे डॉक्टर लुई-रने व्हिलेर्मे. आपल्या घरांत मात्र ते फारसे ऐकू येत नाही. गरीब माणूस श्रीमंतापेक्षा लवकर का मरतो, हा प्रश्न त्यांनी आकडे पुढे ठेवून विचारला. आज आम्ही त्यांच्या जीवनाची थोडक्यात ओळख करून देणार आहोत.

माणसे किती आणि कोणत्या वयात मरतात याची मोजदाद फ्रान्समध्ये त्यांच्या आधीच सुरू झाली होती. १७४६ साली आंत्वान देपार्सिय या गणितज्ञाने माणसाच्या आयुर्मानावर एक ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्याने 'तोंतीन' नावाच्या सरकारी कर्जाच्या याद्या वापरल्या. तोंतीनमध्ये पैसे गुंतवणाऱ्यांना दरसाल व्याज मिळे आणि त्यांच्यापैकी कोणी वारला की त्याचा वाटा मागे राहिलेल्यांत वाटला जाई. त्यामुळे कोण जिवंत आहे आणि कोण गेला याची नोंद चोख ठेवणे भागच असे. पण व्याजावर पैसे लावणारी ही माणसे खाऊनपिऊन सुखी होती. मजूर, हमाल, विणकर यांचा हिशेब त्यात नव्हता.

पुढे राज्यक्रांतीच्या काळात, २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने, जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद पाद्र्यांच्या हातून काढून नगरपालिकांकडे दिली गेली. १८०१ साली सबंध फ्रान्सची शिरगणती झाली. आपल्या बेटावरील 'एता सिव्हिल'ची, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदीची, पद्धतही फ्रेंच अमदानीतूनच आली आहे. या वह्यांमुळे श्रीमंताबरोबर गरिबाचाही जन्म आणि मृत्यू कागदावर आला. त्या वह्या उघडून त्यांना बोलके करणारा माणूस मात्र अजून यायचा होता.

लष्करातील दिवस

व्हिलेर्मे यांचा जन्म १० मार्च १७८२ रोजी पॅरिसमध्ये झाला. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी वैद्यकीचे शिक्षण सुरू केले, परंतु ते पूर्ण होण्याआधीच नेपोलियनच्या सैन्यात शस्त्रवैद्य म्हणून जावे लागले. सुमारे दहा वर्षे ते फौजेबरोबर युरोपभर हिंडले. स्पेनमधील लढाईत त्यांनी दुष्काळ जवळून पाहिला. फौजा शेते तुडवीत, धान्य उचलून नेत, आणि मग गावेच्या गावे उपासमारीने व तापाने ओस पडत. या अनुभवावर त्यांनी १८१८ साली एक निबंध लिहिला. युद्धात गोळीने मरणाऱ्यांची गणती सगळे करतात, पण भुकेने मरणाऱ्यांची कोणी करीत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून बसली असावी असे आम्हांला वाटते.

१८१४ साली नेपोलियनचा पाडाव झाला. व्हिलेर्मे पॅरिसला परतले आणि त्याच वर्षी त्यांनी डॉक्टरची पदवी घेतली. पण दवाखान्यात त्यांचे मन रमले नाही. थोड्याच वर्षांत त्यांनी रोगी तपासणे सोडले आणि सबंध समाजाचीच नाडी पाहण्याचे काम हाती घेतले.

सुरुवात त्यांनी तुरुंगांपासून केली. १८२० साली तुरुंग कसे आहेत आणि कसे असावेत यावर त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे तुरुंगांतील मृत्यूंचे आकडे जमवल्यावर त्यांना दिसले की एका तुरुंगात मरणाचे प्रमाण बाहेरच्या माणसांहून थोडेसेच जास्त, तर दुसऱ्यात कित्येक पट जास्त आहे. कैदी तेच आणि शिक्षाही तीच. फरक होता तो अन्नात, हवेत, स्वच्छतेत आणि तुरुंग चालवणाऱ्यांच्या कारभारात. न्यायाधीशाने काही वर्षांची कैद सांगायची आणि कारभाराने तिची देहान्त शिक्षा करायची, असा हा प्रकार होता.

पॅरिसचे बारा विभाग

त्या काळी पॅरिसचे बारा विभाग होते. १८२१ पासून सीन प्रांताचे प्रीफे शाब्रोल यांच्या कचेरीने शहराच्या आकडेवारीचे जाड खंड छापायला सुरुवात केली. लोकसंख्या, घरे, भाडी, कर, पाणी, मृत्यू, सारे त्यात होते. व्हिलेर्मे यांनी ते खंड पुढे घेतले आणि एकच प्रश्न विचारला : काही विभागांत माणसे जास्त का मरतात?

डॉक्टर लोकांचे उत्तर तयार होते. हवा, पाणी, जमीन आणि वारा हीच सर्व रोगांची मुळे, असे हिप्पोक्रातीसच्या काळापासून मानले जात होते. व्हिलेर्मे यांनी हे उत्तर खोटे ठरवण्याची घाई केली नाही. त्यांनी एकेक कारण घेऊन तपासले. नदीजवळचे विभाग जास्त रोगट आहेत का? उंचावरचे विभाग निरोगी आहेत का? रस्त्यांची रुंदी, जमिनीचा प्रकार, वाऱ्याची दिशा, पिण्याचे पाणी, दाट वस्ती, अशी प्रत्येक बाब त्यांनी मृत्यूच्या आकड्यांशेजारी मांडून पाहिली. एकही जुळली नाही.

मग त्यांनी कराच्या वह्या काढल्या. ज्या घराचे भाडे अगदी थोडे असे त्यावर कर बसत नसे. अशा करमाफ भाड्यांचे प्रमाण जिथे जास्त तिथे गरिबी जास्त, असे त्यांनी धरले. १८१७ ते १८२१ या पाच वर्षांचे आकडे असे निघाले. श्रीमंत दुसऱ्या विभागात करमाफ भाडी शेकडा ७ होती. तिथे दरसाल ६२ माणसांमागे एक माणूस आपल्या घरी मरत असे. बाराव्या विभागात, जिथे कातडी कमावणारे आणि हातावर पोट असणारे लोक राहत, करमाफ भाडी शेकडा ३८ होती. तिथे ४३ माणसांमागे एक मृत्यू होता. मधले विभागही, थोडे मागेपुढे सोडल्यास, याच क्रमाने लागले. म्हणजे हजारी हिशेब केला तर एकीकडे १६ आणि दुसरीकडे २३.

हे आकडे फक्त घरी मरणाऱ्यांचे होते. त्या काळी इस्पितळात मरायला कोण जाई? ज्याच्या घरी शुश्रूषा करायला कोणी नाही आणि डॉक्टरला द्यायला पैसा नाही, तो. तेव्हा इस्पितळातील मृत्यू मिळवले की गरीब विभागांचा आकडा आणखी वाढे. गरीब आणि श्रीमंत यांच्यामधली दरी वह्यांत दिसत होती त्याहून खोल होती.

हे लेख १८२८ ते १८३० या काळात प्रसिद्ध झाले. १८२९ साली व्हिलेर्मे आणि त्यांचे काही सहकारी यांनी सार्वजनिक आरोग्याचे एक नियतकालिक सुरू केले होते. पुढे अनेक वर्षे या विषयाचे ते मुख्य व्यासपीठ ठरले. त्याच वर्षी त्यांनी सैन्यभरतीच्या नोंदींवरून माणसांच्या उंचीचाही अभ्यास केला. ज्या प्रदेशात लोकांना पोटभर अन्न मिळते आणि लहानपणी कष्ट कमी पडतात, तिथले तरुण जास्त उंच होतात आणि त्यांची वाढही लवकर पुरी होते, असे त्यांनी दाखवले. आज शाळेत मुलांची उंची आणि वजन मोजताना आम्ही शिक्षक हेच तत्त्व वापरत असतो.

पटकीचे साल

१८३२ साली पॅरिसमध्ये पटकीची साथ आली. काही महिन्यांत १८ हजारांवर माणसे दगावली. पंतप्रधान काझिमीर पेरिये हेही तिला बळी पडले. तेव्हा पटकी गरीब-श्रीमंत पाहत नाही असे पुष्कळांना वाटले. व्हिलेर्मे चौकशी-समितीवर होते. साथ ओसरल्यावर समितीने रस्त्यारस्त्याचा हिशेब केला. नगरभवनाजवळ 'र्‍यू द ला मॉर्तेल्री' नावाची एक अरुंद, कोंदट गल्ली होती. तिच्यात ४,६८८ माणसे राहत होती आणि त्यांतील ३०४ मेली. व्हिलेर्मे यांनी या गल्लीकडे साथीच्या आधीच बोट दाखवले होते. समोरच्या सें-लुई बेटावरील हवेशीर घाटांवर जेवढे मृत्यू होत, त्याच्या दीडपट या गल्लीत होत, असे त्यांनी लिहून ठेवले होते. दोन्ही ठिकाणे नदीच्याच काठी, मध्ये फक्त पाण्याचा पट्टा. मॉर्तेल्री हे नाव चुन्याचा गिलावा करणाऱ्यांवरून पडले होते, पण साथीनंतर लोकांना त्यात 'मोर', म्हणजे मरण, हाच शब्द ऐकू येऊ लागला. शेवटी गल्लीचे नाव बदलण्यात आले. नाव बदलणे सोपे होते. घरे बदलायला फार वर्षे लागली.

गिरण्यांच्या गावी

१८३२ सालीच नीतिशास्त्र व राज्यशास्त्र अकादमीची पुन्हा स्थापना झाली आणि व्हिलेर्मे तिचे सभासद झाले. काही वर्षांनी अकादमीने त्यांच्यावर कापूस, लोकर आणि रेशीम यांच्या गिरण्यांतील कामगारांची स्थिती पाहून येण्याचे काम सोपवले. पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ मुलूझ, लील, रूआं, लियॉं, रँस, सदां अशा गावी स्वतः गेला. कामगारांच्या मागोमाग तो त्यांच्या घरांत शिरला, त्यांची मजुरी आणि भाकरीचा भाव विचारला आणि रात्री ते कुठे झोपतात हेही पाहिले.

मुलूझमध्ये त्यांनी पाहिले की गावातली भाडी परवडत नाहीत म्हणून मजूर दीड-दोन कोस दूर राहतात. पहाटे बायका चिखलातून अनवाणी चालत येत. मुलांचे कपडे यंत्राच्या तेलाने माखलेले आणि सदऱ्यात दिवसभराचा भाकरीचा तुकडा. लीलमध्ये कित्येक कुटुंबे तळघरात राहत होती. दार उघडले तरच तिथे उजेड येई.

लहान मुले रोज सोळा ते सतरा तास उभी असत. व्हिलेर्मे यांनी तुलना केली ती अशी : सक्तमजुरीच्या कैद्याला बारा तास काम असते, त्यातून जेवणाची वेळ वजा होते. अँटिलीस बेटांवरच्या गुलामालाही सरासरी नऊ तास काम असते. मग सहा-आठ वर्षांच्या मुलाने सोळा तास उभे का राहावे? १८३४ सालीच आपल्या बेटावर भारतातून करारबद्ध मजूर आणण्यास सुरुवात झाली आणि पुढे मुंबई बंदरातून आपले मराठी पूर्वजही उसाच्या मळ्यांवर आले. त्यामुळे ही तुलना वाचताना आपल्या मनात काय येते, ते आम्ही वेगळे सांगायला नको.

मुलूझचा एक आकडा पुढे फार गाजला. कारखानदार आणि व्यापारी यांच्या मुलांपैकी निम्मी मुले वयाच्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांपर्यंत जगत. विणकर आणि साधे सूतकाते यांच्या मुलांपैकी निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच मरत. एकच गाव, एकच हवा, एकच नदी.

१८४० साली हे सारे दोन खंडांत छापले गेले. त्याआधी १८३७ साली व्हिलेर्मे यांनी मुलांच्या कामाच्या तासांवर भाषण करून सरकारला जागे केले होते. २२ मार्च १८४१ रोजी फ्रान्समध्ये बालमजुरीवरचा पहिला कायदा झाला. आठ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना आठ तास आणि बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना बारा तास ही मर्यादा ठरली. तेरा वर्षांखालील मुलांचे रात्रीचे काम बंद झाले. बारा वर्षांपर्यंतच्या कामकरी मुलाने शाळेत जावे, असेही कायद्याने सांगितले. पण कायदा फक्त यंत्रांच्या आणि वीसहून अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता, आणि तपासनीस बिनपगारी होते. त्यामुळे अंमलबजावणी ढिलीच राहिली. पगारी तपासनीस १८७४ च्या कायद्याने आले.

व्हिलेर्मे यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मजुरी किती असावी हे सरकारने ठरवू नये, असे मानणाऱ्यांपैकी ते होते. कामगारांच्या दैन्याला त्यांची दारू आणि उधळेपणा यांचाही मोठा हातभार आहे, असे त्यांनी लिहिले. १८४८ च्या क्रांतीनंतर कामगारांनी स्वतःच्या संघटना काढल्या, त्यांनाही त्यांचा पाठिंबा नव्हता. मालकांच्या सद्‌बुद्धीवर त्यांचा विश्वास होता. फक्त मुलांच्या बाबतीत तो विश्वास पुरा पडत नाही हे त्यांना कळले आणि तिथे त्यांनी कायदा मागितला. त्यांच्याच आकड्यांवरून पुढच्या लोकांनी त्यांना स्वतःला न पटणारे निष्कर्ष काढले. तरीही पटणारे असोत वा न पटणारे, आकडे त्यांनी जसेच्या तसे छापले, हे त्यांचे मोठेपण आम्हांला महत्त्वाचे वाटते.

१६ नोव्हेंबर १८६३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते.

मुलांना गणितात सरासरी शिकवताना आम्ही बेरीज करून भागाकार करायला सांगतो. व्हिलेर्मे यांनी तीच सरासरी फोडून पाहिली आणि एकाच शहराच्या एका आकड्यात दोन शहरे लपलेली असतात हे दाखवले. देशाचे आयुर्मान अमुक वर्षे आहे, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. तेव्हा ते कोणत्या वस्तीत किती आहे, हेही विचारण्याची सवय आपण मुलांना लावली, तर त्यांच्या कामाचे थोडेसे चीज होईल.