घरच्यांना सांगायचं कसं? ना. वा. टिळकांच्या घरात त्यासाठी पाच वर्षं गेली

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याच्या एसटीत बसलं की दोन-अडीच तासांत अहिल्यानगर येतं. तेव्हाचं अहमदनगर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात एक जोडपं राहायचं. नवरा ख्रिस्ती, बायको कडक सोवळ्यातली ब्राह्मण. चूल वेगळी, पाणी वेगळं.

नवरा म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत आपण ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणून वाचलं ते. आणि बायको म्हणजे लक्ष्मीबाई, 'स्मृतिचित्रे'वाल्या.

देवाचं बोलावणं आलं असं एखाद्याला मनापासून वाटतं, पण घरच्यांचा देव वेगळा असतो. अशा वेळी घरी काय सांगायचं? आजही कुणी फादर किंवा सिस्टर व्हायचं ठरवलं आणि घरचे दुसऱ्या श्रद्धेचे असले, की हा प्रश्न उभा राहतोच. टिळक कॅथलिक नव्हते, ते प्रोटेस्टंट मिशनमध्ये गेले. पण प्रश्न हाच होता.

रेल्वेच्या डब्यात सुरुवात झाली

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणीच गेली. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. लग्न झालं ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी. ती तेव्हा 11 वर्षांची होती. तिच्या माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरातली माणसंही जेरीला यायची.

टिळक एका जागी टिकणारे नव्हते. नोकऱ्या बदलायचे, न सांगता निघून जायचे. नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे काम करताना त्यांनी धर्मग्रंथांचा अभ्यास केला. जातिभेद त्यांना छळत होता. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा कवितेवर सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं.

10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

चूक कुठे झाली?

निर्णय त्यांचा होता आणि प्रामाणिक होता. पण बायकोला समोर बसवून, सगळं नीट समजावून ते मुंबईला गेले नव्हते. घरच्यांना कळलं तोवर सगळं उरकलं होतं.

त्या काळात धर्म बदललेल्या माणसाला अनेक घरांत मेल्यात जमा धरायचे. बायकोनं मग काय समजायचं? नवरा जिवंत आहे, कपाळावर कुंकू आहे, पण त्याच्या घरी गेलं तर जात जाते. लक्ष्मीबाईंची अवस्था वेड लागण्यासारखी झाली होती. पदरात लहानगा दत्तू. नातेवाइकांनी आधार दिला, पण नवऱ्याकडे परत जायची वाट बंद होती.

टिळकांनी पत्रांचा सपाटा लावला, भेटीही घेतल्या. पण पत्रातल्या युक्तिवादानं सोवळं सुटत नसतं.

मग पटलं कसं?

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्या आपल्या अटीवर. धर्म सोडायचा नाही, सोवळं पाळायचं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी ते मान्य केलं. वादात जे झालं नाही ते इथे रोजच्या जगण्यात झालं. नवरा कसा वागतो, कुणाला घरात घेतो, हे त्या बघत होत्या. शेवटी त्यांनी स्वतःलाच विचारलं, ही जात देवानं केली की माणसानं? माणसानं, असं उत्तर आल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

सांगून तरी पटतं का?

आता तुम्ही म्हणाल, टिळकांनी आधीच सांगितलं असतं तर प्रश्नच आला नसता. तसंही नाही.

जर्मनीतल्या एडिथ श्टाइनचं उदाहरण घ्या. ज्यू घरातली, तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट. 1922 मध्ये ती कॅथलिक झाली आणि घरी जाऊन आईला तिनं स्वतः सांगितलं. नवऱ्यामागे लाकडाचा धंदा सांभाळून मुलं वाढवलेली ती खंबीर बाई रडली. आईला दुसरा धक्का नको म्हणून एडिथ मठात जायची जवळपास 12 वर्षं थांबली. 1933 मध्ये नाझी राजवटीत शिकवायचं काम गेलं, तेव्हा ती कोलोनच्या कार्मेल मठात गेली. तिथून दर आठवड्याला घरी पत्र लिहायची. आई 1936 मध्ये वारली. लेकीचा निर्णय तिला शेवटपर्यंत पटला नाही. 1942 मध्ये नाझींनी एडिथला ऑशविट्झमध्ये मारलं, ज्यू म्हणूनच.

म्हणजे सांगितल्यावर पटेलच याची खात्री नसते. पण घरच्यांना शेवटी कळावं, हा अन्याय तरी टळतो.

पुढे काय झालं?

टिळक 1904 मध्ये रेव्हरंड झाले. 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळला, मराठी वळणाची शेकडो ख्रिस्ती भजनं लिहिली. बालकवी त्यांच्याच घरी राहिले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचं ठरवलं. साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ती व्हायला मराठीपण सोडावं लागत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. 9 मे 1919 ला मुंबईत ते गेले.

'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य तेव्हा सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलं होतं. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरं गिरवायला टिळकांनीच शिकवलं होतं.